फरशीवरची पावलं

पावसाळा लागला की शहरांतल्या बंदिस्त जागांना बरे दिवस येतात. बाग बंद, चौपाटी बंद, मुलं घरात एकमेकांच्या झिंज्या ओढतायत, मग आई म्हणते, चला कुठंतरी छपराखाली. गेल्या काही वर्षांत मॉल आणि सिनेमाच्या जोडीला अशी एक नवी जागा आली आहे. तिला म्हणतात संग्रहालय, पण आत नाणी नाहीत, ताम्रपट नाहीत, जुनं असं काहीच नाही. आहेत त्या रंगवलेल्या भिंती, आरसे आणि वाकड्या बांधलेल्या खोल्या. आपण जाऊन उभं राहायचं आणि फोटो काढायचा. चेन्नईत ए. पी. श्रीधर या चित्रकारानं २०१६ साली क्लिक आर्ट म्युझियम काढलं. क्रोएशियातल्या झाग्रेब शहरात २०१५ मध्ये सुरू झालेल्या म्युझियम ऑफ इल्युजन्सची शाखा दिल्लीत कनॉट प्लेसला आहे. मुंबईत फोर्टात पॅराडॉक्स म्युझियम आहे. आपल्या बायकांच्या सहलींत, माहेरपणात, मुलांच्या सुट्टीत या जागा आता हमखास येतात. म्हणून त्यांच्याकडे जरा नीट बघावं असं मला वाटतं. नाटकाचं, सिनेमाचं परीक्षण आपण लिहितो. मग जिथं तासभर आपणच नट असतो, त्या जागेचं का लिहू नये?

आधी तिथली करामत समजून घेऊ. भिंतीवर खोल दरी रंगवलेली असते, वर लाकडी साकव. साकवाचा अर्धा भाग भिंतीवर आणि अर्धा खाली फरशीवर उतरलेला. आपण फरशीवरच्या साकवावर हात पसरून उभं राहायचं. समोर ठरावीक अंतरावर फरशीवर दोन पावलं काढलेली असतात. फोटो काढणाऱ्यानं बरोबर त्या पावलांवर उभं राहायचं. तिथून मोबाइलमध्ये बघितलं की दरी खरी, साकव खरा, आपण पडायच्या बेतात. दोन पावलं बाजूला सरकलं की सगळं मोडतं. साकव ताणलेल्या कणकेसारखा लांबडा दिसतो आणि दरीच्या मधोमध भिंतीचा कोपरा येतो.

यात नवीन काही नाही. रोममध्ये संत इग्नेशियसचं चर्च आहे. त्याचा घुमट बांधायचा राहून गेला, तेव्हा आंद्रेआ पोत्सो या जेझुइट चित्रकारानं १६८५ मध्ये सपाट कापडावर घुमटाचं चित्र रंगवून तिथं वर बसवलं. खाली फरशीत संगमरवराची एक चकती आहे. तिच्यावर उभं राहून वर बघितलं तर घुमट पोकळ आणि उंच वाटतो. पुढं चालत गेलं की तो कलंडतो. म्हणजे फरशीवरची पावलं सव्वातीनशे वर्षांहून जुनी आहेत. वाकड्या खोलीचंही तसंच. अॅडलबर्ट एम्स या अमेरिकन माणसानं १९४६ च्या सुमारास ती बांधली. तिची मागची भिंत तिरपी असते, एक कोपरा जवळ आणि दुसरा बराच लांब, जमीन उताराची. एका छिद्रातून एक डोळा लावून बघितलं की खोली चौकोनी वाटते आणि जवळच्या कोपऱ्यातलं पोर लांबच्या कोपऱ्यातल्या बापाहून उंच दिसतं.

एक डोळा, हे महत्त्वाचं. आपले दोन डोळे जरा वेगवेगळं बघतात आणि त्या फरकावरून मेंदू खोली ओळखतो. त्यामुळं दोन डोळ्यांच्या माणसाला ही भिंतीवरची चित्रं तितकीशी फसवत नाहीत. मोबाइलच्या कॅमेऱ्याला मात्र एकच डोळा. तिथं गेल्यावर प्रत्येक जण आधी चित्राकडं बघून म्हणतो, हे काय, एवढंच? मग मोबाइलमध्ये बघून म्हणतो, अय्या! जागा माणसासाठी बांधलेलीच नाही, कॅमेऱ्यासाठी बांधली आहे.

जुलैत एका मुसळधार दुपारी मुंबईत भाचीच्या कुटुंबाबरोबर मी अशा एका ठिकाणी गेले होते. बरोबर पंचाहत्तरीच्या काकू होत्या. गुडघे दुखतात म्हणून त्या कडेच्या बाकावर बसल्या. नेमका तो बाक पावलांपासून लांब, भिंतीच्या अगदी बाजूला. वाघाच्या जबड्यात नातू हात घालून ओरडत होता आणि काकू शांतपणे म्हणाल्या, “अगं, हे वाघ कसलं, हे तर मुंगसागत लांबडं झालंय. पण मिशा बघ, एकेक केस वेगळा काढलाय की गं.” मी जाऊन बघितलं. खरंच, कुणीतरी बारीक कुंचल्यानं, तासन् तास बसून त्या मिशा काढल्या होत्या. पावलांवरून त्या दिसत नव्हत्या. तिथून नुसता वाघ दिसत होता.

त्या तासाभरात मी मोजून बघितलं की कोण कुठं आहे. पोरं चित्रात, भाचीचा नवरा चित्रात, पावलांवर मात्र प्रत्येक वेळी भाची. “थोडं डावीकडं, हात वर, हस की रे.” आणि इथंच या जागेचं मला सगळ्यात विलक्षण वाटलं ते कळलं. चित्रात असणाऱ्याला चित्र दिसतच नाही. त्याच्यासमोर असतो एक मोबाइल आणि एक हात हलवणारी बाई. दरी, वाघ, पंख हे सगळं त्याच्या पाठीमागं. चित्र पूर्ण होतं ते फक्त पावलांवर उभ्या असलेल्या बाईपुरतं. बघते ती, पण फोटोत ती नसते. रात्री फोटो घरच्या ग्रुपवर गेले तेव्हा एकूण त्रेचाळीस फोटोंत भाची दोनदा होती. हा त्या जागेचा दोष नव्हे. आपल्या घरांतली रीतच तिथं जाऊन उभी राहते. पण कलाकृती म्हणून त्या जागेनं काही वेगळं सुचवलं असतं तर बरं झालं असतं. तसं ती करत नाही. प्रत्येक कोपऱ्यात ‘असा फोटो काढा’ म्हणून नमुना लावलेला होता. त्यात पुरुष डोंगर उचलतोय, शार्कशी झुंजतोय. बाई झोक्यावर बसली आहे, पंख लावून उडते आहे, नाहीतर राक्षसाच्या मुठीत किंचाळते आहे. भिंतीला इतकी नजरबंदी जमते, पण बाईच्या हाती डोंगर द्यायचं काही सुचत नाही. या चित्रांची कल्पनाशक्ती त्यांच्या कारागिरीपेक्षा फार तोकडी आहे, ही माझी पहिली तक्रार.

दुसरी गोष्ट तक्रार नाही, उलट कौतुक आहे, आणि ती सांगायला आपल्याच घरातली भाषा लागते. लहानपणापासून आपण पाठशाळेत हत्ती आणि आंधळ्यांची गोष्ट ऐकतो. वस्तूला अनेक बाजू, ज्याला जिथून दिसलं ते तिथून खरं. एका बाजूनं बघण्याला आपल्याकडं नय म्हणतात. हेमचंद्राचार्यांच्या ‘अन्ययोगव्यवच्छेदिके’वर मल्लिषेणसूरींनी १२९२ मध्ये ‘स्याद्वादमंजरी’ ही टीका लिहिली. तिच्यात हा भेद छान उलगडला आहे. ‘हे असंच आहे’ म्हणून बाकीच्या बाजू नाकारणं हा दुर्नय. ‘हे असं आहे’ एवढंच म्हणून बाकीच्यांबद्दल गप्प राहणं हा नय. आणि ‘एका अपेक्षेनं हे असं आहे’ म्हणणं हे पूर्ण, प्रमाण ज्ञान. समंतभद्राचार्यांची ‘आप्तमीमांसा’ ज्यांनी वाचली आहे त्यांना हेही आठवेल की दुसऱ्या नयांची अपेक्षा न ठेवणारा नय आचार्यांनी मिथ्या ठरवला आहे.

आता त्या फरशीकडं बघा. ‘इथं उभं राहिलात तर वाघ दिसेल’ असं ती जागा स्वतःच सांगते. पावलं काढून ठेवते. बाजूनं चालायची, मिशा बघायची, वाघाचं मुंगूस झालेलं बघून हसायची मुभा देते. ‘स्यात्’ हा शब्द फरशीवर रंगवला तर तो असाच दिसेल. नजर फसवणाऱ्या सगळ्या कलांत ही मला प्रामाणिक वाटते. जाहिरात आपली पावलं दाखवत नाही. निवडणुकीचं भाषण दाखवत नाही. इथली भिंत दाखवते.

बिघडतं ते पुढं. फोटो काढला जातो, चौकटीत पावलं येत नाहीत, आणि तो जगात एकटा निघतो. आत असताना नय होता, बाहेर पडता पडता दुर्नय झाला. दरीच्या फोटोत नुकसान काही नाही, कुणी खरं मानत नाही. पण सवय लागते. विचार करा, आपल्या समाजात आज किती गोष्टी त्या दोन पावलांवरून काढलेल्या असतात आणि पावलं चौकटीबाहेर असतात. मुलीचा स्थळासाठी पाठवलेला फोटो. दशलक्षण पर्वात दहा उपवास केलेल्या सुनेचा चौकातला फ्लेक्स: शालू, हार, हात जोडलेले, हसरा चेहरा. तो फोटो खोटा नाही. पण सातव्या दिवशी ती स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसली होती, तिचं औषध कुणी विचारलं नाही, किंवा उलट, तिच्या जावेनं दहा दिवस तिच्या वाटची सगळी कामं उचलली, ते त्या जागेवरून दिसत नाही. फ्लेक्सवर फोटो एकीचा. मिशा कुणी काढल्या ते बाजूला बसलेल्या काकूंनाच ठाऊक.

आपल्याच परंपरेत बघण्याची वेगळी व्यवस्था आहे, म्हणून हे जास्त टोचतं. बेळगावच्या किल्ल्यात कमल बसदी आहे, रट्टांच्या काळातली, १२०४ ची. आत नेमिनाथ भगवान, आणि मंडपाच्या छताला दगडाचं भलंमोठं कमळ उमललेलं. भूत, वर्तमान आणि भविष्य अशा तीन चोवीशींच्या बहात्तर पाकळ्या सांगतात. त्याच्याखाली कुठंही उभ्या राहा, खांबाला टेका, कोपऱ्यात बसा. प्रत्येक जागेवरून ते थोडं वेगळं दिसतं, पण कमळच दिसतं. तिथं फरशीवर पावलं लागत नाहीत. इंदूरला शेठ हुकुमचंदांनी बांधवलेलं काच मंदिर आहे. भिंती, छत, खांब, सगळीकडं काच. आरशासमोर आरसा ठेवून एका प्रतिमेच्या असंख्य प्रतिमा केल्या आहेत. ही करामत फोटोवाल्या संग्रहालयातल्या ‘अनंत खोली’सारखीच. फरक एवढाच की तिथं अनंत होते ती भगवंतांची प्रतिमा, इथं अनंत होतो तो मोबाइल धरलेला मी. एकाच आरशाचे हे दोन उपयोग.

याचा अर्थ त्या जागांना जाऊ नये असा कुणी घेऊ नका. चातुर्मासात आपले मुनी-आर्यिका एका ठिकाणी थांबतात. ओल्या जमिनीवरच्या जिवांची हिंसा नको म्हणून. पावसात छपराखाली राहायची आपली रीत जुनी आहे, फक्त छप्पर बदललं. पोरांना घेऊन तासभर हसायला जाण्यात पाप नाही. आणि मुलांना अनेकांत शिकवायला पाठशाळेतल्या हत्तीपेक्षा ही वाघाची भिंत मला सोपी वाटते. हत्तीच्या गोष्टीत पोरं आंधळ्यांना हसतात, आपण डोळस असल्यासारखी. इथं त्यांना स्वतःच्याच डोळ्यांनी कळतं की जागा बदलली की वाघ बदलतो.

फक्त जाल तेव्हा तीन गोष्टी करा. फोटो काढणारीला एकदा तरी चित्रात उभं करा आणि मोबाइल पोराच्या हातात द्या. वाकडा आला तरी चालेल. प्रत्येक चित्राशी एकदा बाजूला जाऊन उभ्या राहा, ते कसं मोडतं आणि कुणी किती मेहनतीनं काढलंय ते बघा. आणि घरच्या ग्रुपवर एक फोटो असा पाठवा ज्यात पावलंही आहेत, पावलांवर उभी असलेली बाईही आहे.

येत्या भाद्रपदात चौकातल्या फ्लेक्सखालून जाताना हीच सवय उपयोगी पडेल. फोटोतल्या सुनेला नमस्कार करावाच, तप मोठंच आहे. मग तिच्या घरी जावं, मागच्या दारानं स्वयंपाकघरात शिरावं, आणि तिला विचारावं, “कसं वाटतंय गं?” आणि तिच्या जावेला विचारावं, “तू जेवलीस का?”