ओस्वाल्डची मागणी

इब्सेनचें ‘घोस्ट्स’ (1881) हें नाटक हिंगणघाटास मुलांना शिकवितांना एक अडचण नेहमींच येते. ओस्वाल्डचा मेंदूचा विकार हें बापाच्या दुराचाराचें फळ असें नाटककार दाखवितो. पण उपदंश बापाकडून अपत्यास थेट जात नाहीं, मातेच्या द्वारें जातो, आणि येथें मातेच्या अंगीं रोगाचें चिन्हहि नाहीं. या चुकीचा टीकाकारांनीं पुष्कळ गवगवा केला. मला ती गौण वाटते. हंटिंग्टनच्या मेंदुरोगांत आईबापांपैकीं एकाचा दोष अपत्यांत उतरण्याचा संभव खरोखरच निम्मा असतो. आणि 1993 सालीं त्याचें जनुक सांपडल्यापासून धडधाकट तरुणासहि आपलें भवितव्य आधींच कळूं शकतें.

खरा पेंच तिसऱ्या अंकांत आहे. ओस्वाल्ड नुसतें मरण मागत नाहीं. बुद्धि गेल्यावर मॉर्फिया आईनें द्यावा, असें मागतो. आमच्याच जिल्ह्यांत पवनारास विनोबांनीं 1982 च्या नोव्हेंबरांत अन्न व औषध सोडून देह ठेविला. तेथें निश्चय आणि कृति एकाच माणसाची होती. सर्वोच्च न्यायालयानें 2018 सालीं मान्य केलेलें आगाऊ इच्छापत्रहि उपचार थांबविण्यापुरतेंच आहे. प्राण घेणारें औषध देण्याची मुभा तें कोणासहि देत नाहीं.

एका विद्यार्थिनीनें विचारलें, “मग आईनें तें दिलें कीं नाहीं?” इब्सेन सांगत नाहीं, हा त्याचा भेकडपणा, असें मी तरुणपणीं म्हणत असें. तें मत आतां मागें घेतों. मॉर्फिया हातीं लागतांच ती माता मागें सरते, एका दमांत नकारहि देते आणि होकारहि. विचारावें तर घरांत दुसरें कोणी उरलेलें नाहीं.