५७० शब्दांची यादी आणि आपला वर्ग

दहावीपर्यंत मराठीतून विज्ञान शिकलेला विद्यार्थी अकरावीला विज्ञान शाखेत जातो आणि भौतिकी, रसायनशास्त्र, जीवशास्त्र, गणित या साऱ्यांची पुस्तके एकदम इंग्रजीत त्याच्या पुढ्यात येतात. 'सेमी-इंग्रजी'ने ही उडी टाळलेली नाही. ती फक्त आठवीत, पाचवीत किंवा त्याही आधी आणून ठेवली आहे. विद्यार्थी अडखळू लागला की त्याला दोन उपाय सांगितले जातात. एक, 'स्पोकन इंग्लिश'चा वर्ग लाव. दोन, पारिभाषिक संज्ञांची इंग्रजी-मराठी यादी पाठ कर. हे दोन्ही उपाय अपुरे आहेत असे आमचे मत आहे. म्हणूनच तिसरा एक उपाय तपासून पाहणे आम्हांला अगत्याचे वाटते.

हा उपाय म्हणजे न्यूझीलंडमधील वेलिंग्टनच्या व्हिक्टोरिया विद्यापीठातील ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली प्रसिद्ध केलेली 'ॲकॅडेमिक वर्ड लिस्ट'. परदेशी शिक्षणासाठी द्याव्या लागणाऱ्या इंग्रजीच्या परीक्षांच्या तयारीत ती सर्रास वापरली जाते आणि मोफत मिळते. तेव्हा तिच्यात काय आहे आणि आपल्या वर्गाला तिचा कितपत उपयोग आहे, हे शिक्षकांनी नीट पाहिले पाहिजे.

यादी तयार करण्याची रीत शास्त्रशुद्ध आहे. कला, वाणिज्य, कायदा आणि विज्ञान अशा चार विद्याशाखांमधील २८ विषयांचा सुमारे ३५ लाख शब्दांचा मजकूर जमविण्यात आला. इंग्रजीतील सर्वांत नेहमीचे २००० शब्द त्यातून बाजूला काढले. उरलेल्यांपैकी जे शब्द चारही शाखांत आणि २८ पैकी निदान १५ विषयांत पुन्हा पुन्हा येतात, तेवढेच निवडले. अशी ५७० 'शब्दकुटुंबे' मिळाली. 'अझ्यूम', 'अझ्यूम्ड', 'अझम्प्शन' हे सारे मिळून एक कुटुंब. अभ्यासाच्या पुस्तकांत दर शंभर शब्दांमागे सरासरी दहा शब्द या ५७० कुटुंबांतले असतात. कथा-कादंबऱ्यांत हेच प्रमाण दीड टक्क्याहूनही कमी भरते.

या शेवटच्या आकड्यात यादीचे खरे मोल आहे. गप्पांची इंग्रजी आणि अभ्यासाची इंग्रजी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यातून मोजमापाने दिसते. कॅनडातील अभ्यासक जिम कमिन्स यांनी हाच भेद १९७९ मध्ये मांडला होता. फाडफाड बोलणारे मूल पाठ्यपुस्तकाच्या परिच्छेदावर अडू शकते आणि बोलताना चाचरणारे मूल तोच परिच्छेद समजून घेऊ शकते. 'स्पोकन इंग्लिश'च्या वर्गाने अकरावीचे रसायनशास्त्र का सुटत नाही, याचे उत्तर इथे आहे.

दुसरी गोष्ट. अवघड वाटणाऱ्या पारिभाषिक संज्ञा मुळात तितक्या अवघड नसतात. 'फोटोसिंथेसिस' हा शब्द आला की शिक्षक थांबतात, अर्थ सांगतात, फळ्यावर आकृती काढतात. पण 'अझ्यूम', 'डिराइव्ह', 'इंडिकेट', 'व्हेरी', 'हेन्स', 'व्हेअरॅज' यांच्यापाशी कोणीच थांबत नाही. विज्ञानाच्या पुस्तकातील अशा बिगर-पारिभाषिक शब्दांवर पॉल गार्डनर यांनी ऑस्ट्रेलियात आणि जॉन्स्टन यांनी ब्रिटनमध्ये काम केले. इंग्रजी हीच मातृभाषा असलेली मुलेही त्यांवर ठेचकाळतात, असे त्यांना आढळले. मग आपल्या मुलांना दोष का द्यावा?

इथवर यादीची बाजू झाली. आता तिच्या उणिवा पाहू.

पहिली उणीव आधाराची आहे. बाजूला काढलेले नेहमीचे २००० शब्द मायकेल वेस्ट यांच्या १९५३ च्या 'जनरल सर्व्हिस लिस्ट'मधले आहेत. वेस्ट हे त्या वेळच्या बंगालमध्ये, ढाक्याच्या शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयात प्राचार्य होते. बंगाली विद्यार्थ्याला इंग्रजी आधी वाचता आली पाहिजे, बोलणे नंतर, असा त्यांचा आग्रह होता. तो आजही विचार करण्याजोगा आहे. पण त्यांची शब्दगणना संगणकयुगाच्या आधीची. परिणामी 'कॉम्प्युटर', 'जॉब', 'टीम' हे शब्द त्या दोन हजारांत नाहीत म्हणून कॉक्सहेड यांच्या 'अभ्यासाच्या' यादीत येऊन बसले! आपल्या गावच्या दुकानाच्या पाटीवर हे शब्द देवनागरीत लिहिलेले असतात. उलट, ते २००० शब्द मुलांना येतातच असे यादी धरून चालते. आमच्या ग्रामीण शाळांत नेमका तिथेच पाया कच्चा असतो.

दुसरी उणीव प्रमाणाची. चारही शाखांना सारखा वाटा दिल्याने निम्मा मजकूर वाणिज्य आणि कायदा यांचाच झाला. सर्वाधिक वारंवारितेच्या पहिल्या साठ शब्दांत त्यामुळे 'डेटा', 'फंक्शन', 'मेथड' यांच्या जोडीला 'एक्स्पोर्ट', 'इन्कम', 'लेजिस्लेट', 'काँट्रॅक्ट' हेही आले. पुढे विज्ञान घेणाऱ्या मुलाने यांपासून आरंभ करावा, याला काही कारण नाही. यादी वाणिज्याच्या मजकुराचा १२ टक्के भाग व्यापते, तर विज्ञानाचा ९.१ टक्केच.

तिसरी उणीव अर्थाची. यादी शब्दाचे रूप मोजते, अर्थ मोजत नाही. 'कन्सिस्ट' म्हणजे बनलेले असणे आणि 'कन्सिस्टंट' म्हणजे सुसंगत. तरी दोन्ही एकाच कुटुंबात. 'व्हॉल्यूम' म्हणजे रसायनशास्त्रात आकारमान, ग्रंथालयात खंड आणि रेडिओवर आवाज. केन हायलंड आणि पॉली त्से यांनी २००७ मध्ये याच मुद्द्यावर बोट ठेवले आणि सर्व विषयांना समान अशी 'अभ्यासाची शब्दसंपदा' खरोखर असते का, असा प्रश्न केला. 'वर्क', 'पॉवर', 'फोर्स' हे तर नेहमीचे शब्द म्हणून यादीतून वगळलेलेच आहेत. पण भिंत तासभर ढकलून घाम गाळणाऱ्याने भौतिकीच्या हिशेबात भिंतीवर शून्य 'वर्क' केलेले असते. ओळखीचा शब्द अनोळखी अर्थाने येतो, तेव्हा तो अधिक फसवतो. कारण आपल्याला तो कळलेला नाही, हेच मुलाला कळत नाही.

चौथी उणीव आम्हांला सर्वांत मोठी वाटते. यादी सुटे शब्द देते आणि विज्ञान वाक्यांत असते. न्यूटनचा पहिला नियम घ्या. त्याचा सारा भार 'अनलेस' या एका शब्दावर आहे. असंतुलित बाह्य बल लावल्याखेरीज स्थिती बदलत नाही, यातले 'लावल्याखेरीज' निसटले की नियमच उलटतो. 'अनलेस' हा सामान्य शब्द, म्हणून तोही यादीबाहेर. आणखी एक अडचण अशी. मराठीत आपण सरळ म्हणतो, 'दाब वाढला की उत्कलनबिंदू वाढतो.' इंग्रजी पुस्तक दोन्ही क्रियापदांची नामे करते. दाबातील वाढ ही उत्कलनबिंदूच्या वाढीत परिणत होते, असे ते लिहिते. वैज्ञानिक इंग्रजीचे हे वळण मायकेल हॅलिडे यांनी विस्ताराने उलगडून दाखविले आहे. ते ओळखून वाक्य पुन्हा सरळ करणे ही शिकविण्याची गोष्ट आहे. यादी पाठ करून ती येत नाही.

आता थोडे अंकगणित. नेहमीच्या २००० शब्दांनी अभ्यासाच्या मजकुराचा सुमारे ७६ टक्के भाग व्यापला जातो. त्यात यादीचे १० टक्के मिळविले की ८६ झाले. वाचलेले समजायला ९५ ते ९८ टक्के शब्द ओळखीचे हवेत, असे या विषयाचे अभ्यासक मानतात. म्हणजे दोन्ही याद्या तोंडपाठ असलेल्या मुलालाही दर सात शब्दांमागे एक अडतोच. उरलेले अंतर विषयाच्या ज्ञानाने भरून काढायचे असते, आणि तिथेच मराठी माध्यमाचे मूल रिकाम्या हाताने आलेले नसते. भूमितीत पक्ष, साध्य, सिद्धता हा क्रम त्याने मराठीतून गिरवलेला आहे. 'अझ्यूम' म्हणजे गृहीत धरणे, 'डिफाइन' म्हणजे व्याख्या करणे, 'डिराइव्ह' म्हणजे सूत्र सिद्ध करणे. या कृती त्याने केलेल्या आहेत. नवी आहेत ती त्यांची नावे. स्पॅनिश किंवा फ्रेंच मुलाला लॅटिनमधून आलेले हे शब्द निम्मे ओळखीचे असतात. आपल्या मुलाकडे ती सोय नाही, पण संकल्पना आहे. ती मराठीतून जागी न करता यादी हाती देणे म्हणजे त्याची शिदोरी काढून घेऊन त्याला प्रवासाला धाडणे होय.

तेव्हा आमचा अभिप्राय असा. यादी टाकाऊ नाही. पण ती मुलांना वाटू नये, शिक्षकांनी स्वतःजवळ ठेवावी. पाठ्यपुस्तकातील एक प्रकरण घ्यावे आणि संज्ञा सोडून अडणारे शब्द तीन रकान्यांत लिहावेत. पहिल्यात यादीतले शब्द, दुसऱ्यात अर्थ बदललेले ओळखीचे शब्द, तिसऱ्यात वाक्ये जोडणारे शब्द. प्रत्येकासमोर मराठी प्रतिशब्द आणि त्याच प्रकरणातले एक वाक्य असावे. लांबलचक वाक्ये मुलांनी आधी सरळ मराठीत सांगावीत, मग इंग्रजीत लिहावीत. एका प्रकरणाला दोन तासिका पुरतील. विज्ञानाच्या आणि इंग्रजीच्या शिक्षकांनी हे काम मिळून केले तर उत्तम. कारण आज हे शब्द दोघांच्याही वाट्याला येत नाहीत.

चाचणीत कमी गुण मिळालेले मूल स्वतःशी म्हणते, 'मला विज्ञान जमत नाही.' पुष्कळदा त्याला विज्ञान जमत असते, प्रश्नातला एक शब्द जमलेला नसतो. या दोहोंतला फरक मुलाला कळत नाही. तो शिक्षकाला कळला पाहिजे. तोच प्रश्न एकदा मराठीत विचारून पाहावा. उत्तर आले, तर त्या मुलाला विज्ञान शाखा सोडण्याचा सल्ला देण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही.