हातातून सुटलेली उडी

व्हिडिओ गेमवरून केलेला चित्रपट आपण कथेच्या तराजूत तोलतो. माझ्या मते तो हालचालीच्या तराजूत तोलायला हवा.

1981च्या ‘डाँकी काँग’मध्ये शिगेरू मियामोतो यांनी नायकाला मिशी दिली ती नाक उठून दिसावे म्हणून, आणि टोपी दिली ती केस रेखाटणे टळावे म्हणून. ठिपके मोजकेच होते. अडचणीतूनच मारिओची ओळख घडली.

गेममध्ये बटण दाबताच उडी घडावी लागते. आधी गुडघे वाकवायला उसंत नसते. पडद्यावर ती पूर्वतयारी दिसली नाही, तर शरीराला वजन येत नाही. म्हणून ॲनिमेटरला तीच उडी नव्याने घडवावी लागते, तरी ती ओळखूही यावी लागते.

2023चा ‘द सुपर मारिओ ब्रदर्स मूव्ही’ मी कोडोलीत घरीच भाच्यासोबत पाहिला. पीचने मांडलेल्या अडथळ्यांवर मारिओ पुन्हापुन्हा पडतो, तिथे खेळणाऱ्याचा अनुभव पात्राचा स्वभाव होतो. एरवी चित्रपट ओळखीच्या खुणा दाखवत धावतो; भाचा त्या मोजत होता.

दादासाहेब फाळके यांनी 1915मध्ये ‘आगकाड्यांची मौज’ केली. काडीला चेहरा नसतो. चौकटीगणिक सरकवलेली हालचाल एवढेच भांडवल. प्रेक्षकाच्या हातातला खेळ काढून घ्यायचा, तर त्या बदल्यात ॲनिमेटरच्या हाताची करामत त्याला मिळायला हवी. नुसत्या खुणांवर ते ऋण फिटत नाही.