डिझाइन मॉडेल पृथ्वीगोलावर: दिसतं ते मोजता येतं का?

रस्ता, पूल, कालवा किंवा पाइपलाइन यांपैकी कशावरही संशोधन करायचं तुमच्या मनात असेल, तर एक सोय तुमच्यासमोर येणारच. कॅडमधलं डिझाइन मॉडेल उचलायचं, गूगल अर्थसारख्या पृथ्वीगोलावर ठेवायचं आणि त्याचं चित्र थेट प्रबंधात घ्यायचं. काम पाच मिनिटांचं, चित्र झकास. आज या पद्धतीचं परीक्षण करू. माझं मत आधीच सांगते: दाखवायला ही पद्धत उत्तम आहे, तपासायला अपुरी आहे. अडचण अशी की पडद्यावर दोन्ही अगदी सारखंच दिसतं.

आधी श्रेय देऊ

कीहोल ही कंपनी गूगलने २००४ साली घेतली आणि जून २००५ मध्ये गूगल अर्थ लोकांसमोर आलं. कीहोलची केएमएल ही फाइलपद्धत एप्रिल २००८ मध्ये ओपन जिओस्पेशियल कन्सोर्शियमचं मानक झाली. त्याआधी डिझाइन बघायचं तर कॅड सॉफ्टवेअर हवं आणि प्लॅन, एल-सेक्शन वाचता येणारा माणूस हवा. गावातल्या माणसासमोर एल-सेक्शन पसरलं तर त्याला त्यातून काय कळणार? पृथ्वीगोलावर मात्र तो आधी स्वतःचं घर शोधतो, मग विहीर, मग रस्ता कुठून जातोय ते बघतो. डिझाइन सामान्य माणसाला वाचता येणं ही छोटी गोष्ट नाही. पण म्हणूनच त्या चित्रावर किती भरवसा ठेवायचा, हा प्रश्न गंभीर होतो.

फाइलमध्ये नेमकं काय जातं?

केएमएलला फक्त रेखांश, अक्षांश आणि उंची कळते, तीही डब्ल्यूजीएस-८४ या डेटमवर. तुमचं डिझाइन मात्र सपाट कागदावर, मीटरमध्ये असतं. बहुतेक वेळा यूटीएम ग्रिडवर. रस्त्याचं वळण डिझाइनमध्ये एक सूत्र असतं. केएमएलमध्ये ते जवळजवळच्या बिंदूंना जोडणाऱ्या सरळ रेषा होतं. म्हणजे पृथ्वीगोलावर जातं ते डिझाइन नाही, डिझाइनची एक प्रतिमा जाते.

त्रिमितीय मॉडेलचं आणखी वेगळं. ते कोलाडा फाइलमध्ये जातं आणि पृथ्वीवर एकाच बिंदूला टांगलं जातं: एक ठिकाण, एक दिशा, एक प्रमाण. इथे दोन चुका गुपचूप शिरतात.

पहिली दिशेची. ग्रिडवरची उत्तर आणि खरी उत्तर एक नसतात. पुण्याचा रेखांश साधारण ७३.८५ अंश, यूटीएम झोन ४३ चा मध्य रेखांश ७५ अंश. फरक १.१५ अंश, त्याला अक्षांशाच्या साइनने गुणलं की सुमारे ०.३६ अंशांचा कोन येतो. नगण्य वाटतो ना? पण एक किलोमीटर लांबीच्या मॉडेलचं दुसरं टोक त्यामुळे सहा मीटरहून जास्त सरकतं. दोन लेनचा रस्ता जवळपास त्याच्या रुंदीइतका बाजूला गेला!

दुसरी गोलाईची. सपाट मॉडेल गोल पृथ्वीवर ठेवलं की टोकं उचलली जातात. एक किलोमीटरवर हा फरक जेमतेम आठ सेंटिमीटर असतो, पण तो अंतराच्या वर्गाने वाढतो. दहा किलोमीटरवर तो ७.८ मीटर होतो. प्रत्येक बिंदूचं स्वतंत्र रूपांतर केलं तर या दोन्ही चुका टळतात. म्हणून सॉफ्टवेअर यांपैकी काय करतंय, हे आधी शोधा.

लांब प्रकल्पात झोनही बदलतो. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग मुंबईच्या बाजूला झोन ४३ मध्ये आहे, नागपूरला झोन ४४ मध्ये. असं काम एकाच ग्रिडवर बसवून गोलावर टाकलं आणि झोन कोणता ते लिहिलं नाही, तर वाचणाऱ्याने काय समजायचं?

उंची: सगळ्यात जास्त गोंधळ इथे

केएमएलमधली निरपेक्ष उंची ईजीएम-९६ या जिऑइडवरून, म्हणजे ढोबळमानाने समुद्रसपाटीपासून मोजतात. जीपीएस मुळात जी उंची काढतं ती एलिप्सॉइडवरून असते. महाराष्ट्रात या दोन उंचींमध्ये साधारण साठ-सत्तर मीटरांचा फरक पडतो. म्हणून 'उंची ५६० मीटर' एवढंच लिहिणं अपुरं आहे. कशावरून मोजली, ते लिहायलाच हवं.

आता जमिनीकडे बघू. गूगल अर्थची जमीन बऱ्याच भागात शटल रडार मोहिमेच्या माहितीवर उभी राहिली. ही मोहीम फेब्रुवारी २००० मध्ये ११ दिवस चालली. तिच्या उंचीसाठी ठरवलेली अचूकता ९० टक्के विश्वासपातळीवर १६ मीटर होती. तुमचा भराव तीन मीटरचा. तो त्या जमिनीखाली गडप झाला तर नवल काय?

मग काय करतात? मॉडेल 'थोडं वर' उचलतात. किंवा उंची जमिनीच्या सापेक्ष ठेवण्याचा पर्याय निवडतात. चित्र लगेच सुंदर होतं. पण जिथे डिझाइनमध्ये खोदाई आहे तिथे आता भराव दिसतो, आणि डिझाइनच्या लेव्हलला काही अर्थच उरत नाही. या पद्धतीवर माझा मुख्य आक्षेप हाच आहे: चित्र नीट दिसावं म्हणून इथे मोजमाप बदललं जातं, आणि बदल केल्याची खूण चित्रात राहत नाही.

आडव्या दिशेनेही तेच. मायक्रोस्टेशनमध्ये प्लेसमार्क मॉन्युमेंट नावाची सोय आहे. डिझाइनला ग्रिड ठरवून दिलेलं नसेल, तर डिझाइनमधला बिंदू आणि गोलावरचा बिंदू यांची जोडी लावून मॉडेल बसवता येतं. सोय कामाची आहे. पण मॉडेल एकदा उपग्रहचित्रावर बसवलं, की 'मॉडेल चित्राशी जुळतंय' हा पुरावा राहत नाही. जुळवलंय तर जुळणारच.

आणि ते चित्र तरी किती बरोबर?

२००८ मध्ये सेन्सर्स या नियतकालिकात १०९ शहरांतल्या ४३६ बिंदूंचा एक अभ्यास आला. गूगल अर्थच्या चित्रांची आडवी चूक सरासरी वर्गमूळाने ३९.७ मीटर निघाली. विकसित देशांत २४.१, विकसनशील देशांत ४४.४. हे आकडे आज जसेच्या तसे वापरू नका, त्यानंतर चित्रं बदलली आहेत. शिवाय ज्या लँडसॅट चित्रांशी तुलना केली, तीही काही सेंटिमीटरची नव्हती. पण यातून एक सवय घ्या: मोजपट्टीची स्वतःची चूक किती, ते आधी विचारायचं.

आता ४० मीटर म्हणजे शेतात किती? शंभर मीटर लांबीच्या बांधालगत ४० मीटरचा पट्टा धरा. चार हजार चौरस मीटर, म्हणजे जवळपास एक एकर. गावातल्या कुणी मोबाइलवर ती रेघ बघितली आणि 'आपला गट वाचला' असं समजून हरकत घेतली नाही, तर? तुम्ही म्हणाल, या मर्यादा इंजिनियरला माहीत असतातच. असतात. पण फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते तेव्हा इंजिनियर तिच्यासोबत फिरत नाही.

नवीन साधनांनी प्रश्न सुटला का?

काही सुटले. थ्रीडी टाइल्स हे २०१९ पासून ओपन जिओस्पेशियल कन्सोर्शियमचं मानक आहे. त्यात मॉडेल तुकड्यांत विभागलं जातं आणि पृथ्वीच्या केंद्रापासूनच्या निर्देशांकांत बसवता येतं, त्यामुळे गोलाईचा प्रश्न नीट हाताळता येतो. पण सीझियममध्ये उंची एलिप्सॉइडवरून धरतात. समुद्रसपाटीवरची उंची तिथे तशीच दिली तर आपल्याकडे मॉडेल साठ-सत्तर मीटर हवेत तरंगेल. साधन बदललं तरी 'कशावरून मोजली' हा प्रश्न तसाच उभा आहे.

मग प्रबंधात काय करायचं?

१. चित्राखाली ग्रिड आणि झोन लिहा (झोन ४३ साठी ईपीएसजी ३२६४३, झोन ४४ साठी ३२६४४), उंचीचा आधार, उंचीचा पर्याय आणि उपग्रहचित्राची तारीखही.

२. मॉडेल बसवताना वापरलेले बिंदू तपासायला वापरू नका. दोन्ही टोकांना आणि मध्ये वेगळे बिंदू घ्या, ते जमिनीवर मोजा आणि फरक मीटरमध्ये तक्त्यात द्या.

३. मॉडेल हाताने हलवलं असेल तर किती आणि का, ते लिहा. हलवणं गुन्हा नाही, लपवणं आहे.

४. खोदाई-भरावाचं परिमाण, जमिनीची हद्द, पुराची पातळी यांबद्दलचं कुठलंही विधान या चित्रावरून करू नका. त्यासाठी मूळ डिझाइन आणि मूळ सर्वेक्षण हवं.

दुसऱ्याचा शोधनिबंध वाचतानाही हेच चार मुद्दे घेऊन बसा. पृथ्वीगोलावरचं देखणं चित्र आहे आणि खाली उंचीचा आधार लिहिलेला नाही, तर ते चित्र पुरावा म्हणून मोजू नका. प्रकल्प कुठे आहे एवढं त्यातून कळतं. तेवढ्यापुरतं ते चांगलंच आहे.