‘लोकल’ : एका शब्दातील स्थान आणि गती

परभाषेतून आलेल्या शब्दांचा विचार मराठीत बहुधा भाषाशुद्धीच्या अंगाने झाला आहे. शब्द स्वीकारावा की त्याला प्रतिशब्द द्यावा, एवढ्यावर चर्चा थांबते. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली परिसरातील ‘लोकल’ हा शब्द या चौकटीत मावत नाही.

इंग्रजीत हे मुख्यतः विशेषण असून ‘त्या त्या ठिकाणचा’ हा त्याचा मूळ अर्थ आहे. मराठीत त्याच्या वाटा फुटल्या. प्रशासनाच्या क्षेत्रात ‘स्थानिक’ हा पर्याय पूर्णपणे रुळला. रिपनच्या १८८२ च्या ठरावामागील कल्पना ‘स्थानिक स्वराज्य’ म्हणूनच ओळखली जाते. रेल्वेच्या संदर्भात मात्र ‘स्थानिक गाडी’ कोणाच्या तोंडी बसली नाही आणि ‘उपनगरीय’ हा शब्द कार्यालयीन भाषेतच राहिला. ‘गाडी’ हे विशेष्य गळून विशेषणाचेच नाम झाले आणि गळालेल्या विशेष्याचे स्त्रीलिंग त्याला मिळाले : लोकल येते, रखडते, चुकते. सामान्यरूप मात्र त्याने घेतले नाही. माणूस ‘मोटारीने’ जातो, पण ‘लोकलने’ जातो.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत पहिली प्रवासी गाडी धावली. १८५४ मध्ये लोहमार्ग कल्याणला पोहोचला. पुढे या मार्गाच्या कडेने जी वस्ती वाढली, तिच्यातील असंख्यांचे घर एका ठिकाणी आणि पोट दुसऱ्या ठिकाणी राहिले. स्थानाशी बांधलेला शब्द अशा रीतीने रोज स्थान सोडण्याच्या साधनाचे नाव झाला.

याच परिसरात ‘तो लोकल आहे’ असेही म्हटले जाते. तेथे आगरी, कोळी अशा मूळ रहिवाशांचा निर्देश असतो; शेती, मिठागरे आणि खाडी यांवर ज्यांचे जीवन उभे होते त्यांचा. उच्चारात कधी वचक असतो, कधी अवहेलना. ‘लोकल माल’ म्हणताना जो हलकेपणा अभिप्रेत असतो त्याची छाया तीवर पडते. आगंतुकाला घेऊन येणारी ती लोकल आणि त्या आगमनाने ज्याच्या जमिनीचे रूप पालटले तोही लोकल. दोन परस्परविरोधी अनुभव एकाच शब्दात शेजारी राहतात.

भालचंद्र नेमाडे यांच्या देशीवादाने साहित्यकृतीचे भूमीशी असलेले नाते समीक्षेच्या केंद्रस्थानी आणले. त्या विचाराची कसोटी अशा प्रदेशात लागते. येथील बहुसंख्यांची भूमी प्रवासाने घडलेली आहे आणि ज्यांची भूमी पिढीजात होती त्यांना ओळखण्यासाठीही परका शब्द वापरला जातो. या परिसरातील कथा-कादंबरी वाचताना ‘लोकल’ हा शब्द केवळ वातावरणनिर्मितीचा तपशील मानणे म्हणूनच अपुरे ठरते. तो कोण उच्चारतो, फलाटावरचा प्रवासी की बांधावरचा शेतकरी, हे पाहिल्यावाचून त्या कृतीतील संघर्ष नीट कळणार नाही.