८४० जणांत यावल कुठे आहे? एका शोधनिबंधाची चिकित्सा

संशोधनाची तयारी करणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, शोधनिबंध हातात आला की आपण थेट निष्कर्षावर उडी मारतो. त्याआधी एक प्रश्न विचारायची सवय लावा: ही उत्तरं दिली कोणी? आज एका चांगल्या निबंधावर हे करून बघू. चांगला अशासाठी की वाईट निबंधातल्या चुका कुणालाही दिसतात.

निबंध फिलिप ग्वो यांचा, २०१८ च्या सीएचआय परिषदेतला. इंग्रजी मातृभाषा नसलेले लोक प्रोग्रामिंग शिकताना कुठे अडतात, हा विषय. ग्वो यांनीच तयार केलेलं 'पायथन ट्यूटर' हे संकेतस्थळ कोडची एकेक ओळ चालताना आत काय घडतं ते चित्रात दाखवतं. तिथे त्यांनी प्रश्नावली ठेवली. ८६ देशांतल्या, ७४ मातृभाषांच्या ८४० जणांनी उत्तरं दिली. अडचणी चार निघाल्या: शिकण्याचं साहित्य वाचणं, तांत्रिक संवाद, कोड वाचणं-लिहिणं, आणि इंग्रजी व प्रोग्रामिंग एकदम शिकणं. ही अडचण 'हुशारी कमी' म्हणून झटकून न टाकता त्यांनी ती अभ्यासाचा विषय केली, हे या कामाचं मोठेपण.

आता नमुना बघा. जो पायथन ट्यूटरपर्यंत पोचला, त्याला असं काही आहे हे माहीत होतं आणि इंग्रजी संकेतस्थळ त्याने कसंबसं का होईना वापरलं. यावलच्या कॉलेजात पहिल्यांदा पायथन उघडून दुसऱ्या दिवशी सोडून देणारा मुलगा या ८४० जणांत येणारच नाही. म्हणजे अडचणी मोजल्या गेल्या त्या अडूनही टिकलेल्यांच्या.

याचा परिणाम शिफारशींवर दिसतो. सारांशात शिकणाऱ्यांच्या मागण्या अशा आहेत: सोपी इंग्रजी, जास्त चित्रं, कुठल्याच संस्कृतीला चिकटलेली नसतील अशी उदाहरणं, आणि मजकुरातच शब्दकोश. चारही मागण्या वाचणाऱ्याच्या आहेत. अडचणींच्या यादीत 'तांत्रिक संवाद' होता, पण मागण्यांत मदत मागणारा गायब.

हा फरक बारीक वाटेल, म्हणून उदाहरण घेऊ. प्रोग्राम केळीच्या घडाचं वजन विचारतो आणि किलोला १५ रुपये दराने गुणतो. मुलाने १८ टाकलं. यायला हवे २७०. पण पडद्यावर '१८' हा आकडा ओळीने १५ वेळा छापला गेला! कारण 'इनपुट'मधून आलेली गोष्ट पायथनसाठी संख्या नसते, अक्षरांची माळ असते. माळेला १५ ने गुणलं की ती १५ वेळा लिहिली जाते. आधी 'इंट' लावून तिची संख्या करावी लागते.

इथे एरर आलेलीच नाही. सोपी करायला इंग्रजी नाही, शब्दकोशात बघायला शब्द नाही. मुलगा म्हणणार, "सर, उत्तर भलतंच येतंय." नेटवर शोधायचं तर 'स्ट्रिंग', 'टाइप' हे शब्द लागतात. म्हणजे प्रश्न विचारायलाच उत्तरातला शब्द हवा. नवशिक्याची खरी कोंडी ही आहे.

आणखी एक मुद्दा. जगभरच्या संकेतस्थळासाठी 'संस्कृतीनिरपेक्ष' उदाहरण ठीक आहे. यावल-रावेर पट्ट्यात मात्र केळीचाच हिशोब बरा, कारण किती रुपये यायला हवेत हे पोरांना आधीच ठाऊक असतं. चूक झालीय हे कळणं ही मदत मागण्याची पहिली पायरी.

मग उपाय? आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्यूटोरियल'कडे बघा. पडदा इंग्रजीच, पण आवाज मराठीसह अनेक भारतीय भाषांत. शिवाय कितव्या मिनिटाला, कितव्या सेकंदाला अडलो ते दाखवून प्रश्न विचारता येतो. शब्द सापडत नसेल तर बोट तरी ठेवता येतं.

"आता एआयला मराठीत विचारलं की झालं," असं कुणी म्हणेल. कोड दुरुस्त होईलही. पण जेम्स प्रेदर आणि सहकाऱ्यांच्या २०२४ च्या अभ्यासात, अशी साधनं वापरून काम पुढे नेणाऱ्या काही नवशिक्यांना 'आपल्याला येतंय' असा भ्रम झालेला दिसला. दुरुस्त झालेला कोड हा समजल्याचा पुरावा नाही.

तुमच्यासाठी विषय इथेच पडलाय. यावल, फैजपूर, रावेरच्या लॅबमध्ये रीतसर परवानगी घेऊन बसा. मुलं अडल्यावर जे बोलतात ते शब्दन् शब्द टिपा. लेवा बोलीत असो, तडवीत असो की मोडक्या इंग्रजीत. सुधारून लिहू नका. आधी कुणाला विचारलं, किती वेळ गप्प बसली, हेही नोंदवा. आणि ज्यांनी पायथन सोडलं त्यांना गाठाच. ग्वोंच्या प्रश्नावलीला जे सापडणं शक्य नव्हतं, ते तुम्हाला एसटीने जाऊन सापडेल.