प्रायश्चित्त कुणी घ्यायचं?

वाशीमला नाझरीन मिशनचं रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल 1938 साली निघालं. आमच्या इंझोरीच्या म्हाताऱ्यांना येशू ठाऊक तो तिथल्या औषधापुरता. तो मेला कशासाठी, हे कुणी विचारत बसलं नाही.

मी विचारलं. सूतगिरणीत माझ्या पाळीला एक ख्रिस्ती दोस्त आहे. तो म्हणाला, आपल्या पापाचं देणं येशूनं रक्त देऊन फेडलं. मी म्हटलं, पाप केलं कुणी? सगळ्यांनीच, म्हणाला. इथं माझी गाडी अडली. मारणारा न् मार खाणारा एकाच रांगेत?

मराठी ख्रिस्ती याला प्रायश्चित्त म्हणतात. शब्द भटाच्या घरचा आहे. 1890 साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये रानडे, टिळक वगैरे मंडळींना चहा दिला गेला. गोपाळराव जोशींनी नावं छापून आणली, ग्रामण्य माजलं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. टिळक म्हणाले, काशीला प्रायश्चित्त घेतलंय. रानड्यांनी 1892 साली घेतलं. एक कप चहा! आणि 1927 साली महाडला आपण चवदार तळ्याचं पाणी प्यालो तेव्हा पंचगव्य ओतून शुद्धी केली ती पाण्याची. ज्यांची डोकी फोडली त्यांचं काय? त्या शब्दात ते नव्हतेच. ज्याला विटाळ झाला त्यानं धुऊन निघायचं, मार खाल्ला त्याचा संबंध नाही.

ख्रिस्ती पंडितांनीही तेच केलं का? अकराव्या शतकाच्या शेवटी अॅन्सेल्म नावाच्या आर्चबिशपनं मांडणी केली : पाप म्हणजे देवाच्या मानाचं देणं बुडवणं, माणसाची ऐपत नाही, म्हणून देवानंच माणूस होऊन फेडलं. सरंजामी काळाचा हिशेब. मला यात सावकाराची वही दिसते. मात्र हा सावकार खातं मिटवायला स्वतःचंच पोर देतो, एवढं आपल्याकडच्या सावकारापेक्षा बरं. पण वहीत नावं दोनच, देव आणि पापी. तिसरा, ज्याचं लुटलं गेलं, तो कुठं आहे?

पुढं आबेलार म्हणाला, देण्याघेण्याचा सवाल नाही, क्रूसावरची माया पाहून माणसाचं काळीज पालटतं. वाचायला गोड. खैरलांजीला 29 सप्टेंबर 2006 ला भोतमांगे कुटुंबातले चौघे गावच्या जमावानं मारले. निष्पाप रक्तच ते. त्यानं कुणाचं पाप धुतलं? भैयालाल भोतमांगे एकटे उरले, 2017 साली तेही गेले. उद्या कुणी म्हणेल की देवानं मारणाऱ्यांना माफ केलं, तर मी विचारीन, भैयालालना विचारलं होतं का?

आता खरं सांगतो. पंडितांपेक्षा येशू स्वतः बरा निघाला. जक्कयची गोष्ट वाचा. जकात वसूल करणारा, लोकांना नागवून माजलेला. तो उभा राहतो न् म्हणतो की निम्मी मालमत्ता गरिबांना देतो, ज्याचं खोटं करून घेतलं त्याला चौपट परत करतो. मग येशू म्हणतो, आज या घराला तारण मिळालं. इथं तिसरा माणूस हजर आहे! भावाशी बिघडलं असेल तर देवाचं अर्पण तिथंच ठेवून आधी भावाकडं जा, असंही तोच सांगतो. अरविंद निर्मळांनी 1981 सालापासून ख्रिस्ती धर्मविचार आपल्या बाजूनं मांडायला घेतला. दलित येशू, वेशीबाहेर नेऊन मारलेला. त्यांचा क्रूस मला परका वाटत नाही. पण आपल्यासोबत मेला म्हणणं वेगळं, आपल्याबदली फेडलं म्हणणं वेगळं. ही सरमिसळ मला मान्य नाही.

बाबासाहेबांनी बुद्ध घेतला तो मोक्षदाता नव्हे, मार्गदाता म्हणून. चालायचं आपणच. आणि आपण काय करतो? बाबांनी आपल्यासाठी रक्त आटवलं म्हणतो, हार घालतो, निळ लावतो, घरी जातो. फेडून झालं जणू! बाबांच्या फोटोलाच आपण क्रूस करून टाकलाय. रागवा माझ्यावर, चालेल.

दोस्ताला जक्कयची गोष्ट माझ्याआधीच पाठ होती. बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, चौपट राहू दे, आमच्या गावात मुद्दल तरी कोण देईल? त्याचा आजा मांग होता, जमीन गेली ती तेव्हाच. तेवढ्यात पाळी सुटली.